कीपाबाईची घंटा

डोर्टे श्पोरमानला लेकीने तीन गोष्टी बजावल्या होत्या. रविवारी साखरपुड्याच्या जेवणाला क्नोकेंच्या घरी येताना पाठीवर कीपेची टोपली नको, अंगाला चीजचा वास नको, आणि कुणी विचारलंच तर "वर गावाकडे आमचा व्यापार असतो" एवढंच म्हणायचं.

"आणि व्यापार कसला, असं विचारलं तर?" डोर्टेने विचारलं.

"नाही विचारणार. सभ्य लोक आहेत ते."

लेकीचं नाव आल्विने, घरातली विने. तीन वर्षांपूर्वी ती बुखनरोडे गावचा डोंगर उतरून खाली ऑस्टेरोडे शहरात गेली आणि टोप्यांच्या दुकानात कामाला लागली. तिथे लुडोल्फ क्नोके नावाचा कोर्टातला कारकून आईसाठी टोपी घ्यायला आला. एकही टोपी त्याच्या मनास येईना, म्हणून तो अकरा वेळा आला. अकराव्या खेपेला त्याने टोपी घेतली आणि विनेला मागणी घातली. मुलगा सरळ होता, पण घराला पुढचं दार वेगळं आणि मागचं दार वेगळं होतं, तिथेच पंचाईत होती.

कारण मागचं दार डोर्टेच्या चांगलं ओळखीचं होतं. एकतीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती पाठीवर कीपे घेऊन चार तासांची उतरण उतरत होती. वाळुंजीच्या काड्यांची, खांद्याला दोन पट्टे असलेली, डोक्याच्याही वर जाणारी ती टोपली म्हणजे बुखनरोडेच्या बायकांचं दुसरं अंगच. जाताना लोणी, अंडी, चीज. येताना मीठ, कॉफी, सुया आणि शहरातल्या कुचाळक्या. क्नोकेंच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं तिचंच लोणी जात होतं. मागच्या दारी रीके ही स्वयंपाकीण ते उतरवून घ्यायची. घरातल्या कुणीही डोर्टेला कधी पाहिलं नव्हतं आणि पाहण्याचं कुणाला कारणही पडलं नव्हतं.

लेकीचं बोलणं ऐकून डोर्टेला वाईट वाटलं का? वाटलं. रात्रभर वाटलं. सकाळी तिने स्वतःलाच झापलं, की पोरगी पुढच्या दाराने आत जातेय ना, मग मागच्या दाराचा बभ्रा कशाला? वचन दिलं होतं, ते पाळायचं. विषय संपला.

पण विषय संपवणं आपल्या हातात कुठे असतं? त्याच आठवड्यात, शुक्रवारी, साखरपुड्याच्या जेवणाचा सगळा जिन्नस घेऊन डोर्टे डोंगर उतरत होती. नेहमीप्रमाणे चालता चालता मोजा विणत होती. पहिल्या वळणावर मागून कुणीतरी ओरडलं.

"थांबा! अहो बाई, थांबा! तुमच्या पाठीवर काय आहे?"

एक उंच, किडकिडीत गृहस्थ, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात वही, धापा टाकत येत होता. चष्म्याच्या काचा चांगल्या जाड होत्या.

"चीज, लोणी, अंडी," डोर्टे न थांबता म्हणाली.

"ते नव्हे! ते ज्यात आहे ते!"

"कीपे."

"पुन्हा म्हणा."

"कीपे."

"आता सावकाश म्हणा."

"मास्तर आहात वाटतं," डोर्टे म्हणाली. "एकच गोष्ट तीनदा विचारायची सवय दुसऱ्या कुणाला नसते."

गृहस्थ मनापासून हसला. "बरोबर ओळखलंत. मी ऑस्टेरोडेचा क्नोके. शाळेत लॅटिन शिकवतो आणि सुट्टीत शब्द गोळा करत हिंडतो."

डोर्टेच्या सुईवरचे चार टाके सुटले. होणारे व्याही! परवा ज्यांच्यासमोर काळा पोशाख घालून, पाठ ताठ ठेवून बसायचं, ते आज घाम पुसत शेजारी चालत होते आणि तिच्या टोपलीकडे नवरीकडे पाहावं तसे पाहत होते. तिने डोक्याचा रुमाल कपाळावर ओढून घेतला. त्याची काही गरज नव्हती. मास्तरांची नजर कीपेच्या खाली उतरलीच नाही.

"तुमचं नाव काय, बाई?"

"त्रीने," डोर्टेने ठोकून दिलं.

"आडनाव?"

"नुसती त्रीने. आडनाव उचलून चार तास कोण चालणार?"

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांनी आपलं दुखणं उघडं केलं. बारा वर्षं ते एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते: कीपे हा शब्द आला कुठून? त्यांचं म्हणणं असं, की रोमन शिपाई इकडे आले तेव्हा दारूची पिंपं घेऊन आले. त्यांच्या लॅटिनमध्ये पिंपाला म्हणायचे कूपा. आपल्या लोकांनी पिंप पाहिलं, शब्द उचलला आणि आपल्या टोपलीला चिकटवला. शहरातले डॉक्टर श्लुटर म्हणायचे, साफ चूक. टोपली आपली, शब्दही आपला, रोमन येण्याच्या कितीतरी आधीचा.

"इतिहासमंडळाच्या दर बैठकीला आम्ही या एका शब्दावरून भांडतो," मास्तर म्हणाले. "मागल्या हिवाळ्यात तर मी हातमोजे तिथेच विसरून तरातरा निघून आलो."

"बारा वर्षं? टोपलीच्या नावावरून?"

"का, हसू येतं?"

"हसत नाही हो. आमच्याकडे बांधावरून भांडतात, त्यात निदान दोन बटाटे तरी निघतात." डोर्टेने सुई पुढे चालवली. "पण मला सांगा, हे रोमन येण्याआधी आमच्या बायका ओझं कशात वाहायच्या? ओच्यात?"

मास्तर जागच्या जागी थांबले. "हेच! शब्दशः हेच तो श्लुटर म्हणतो!"

"मग शहाणा दिसतोय."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांना तसं पाहून डोर्टेला दया आली, आणि ती दयाच पुढे नडली. मास्तरांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्यात कुणी काही सांगत आलंय का? आजीकडून, पणजीकडून? शब्द कुठून आला ते?"

आता सांगायचं तर कुणी काही सांगत आलेलं नव्हतं. आजीने डोर्टेला कीपे कशी भरायची ते शिकवलं होतं, जड सामान वर, खांद्यांजवळ आणि हलकं तळाला. शब्द कुठून आला हे विचारायची फुरसत आजीला सत्तर वर्षांत मिळाली नव्हती. पण रस्ता अजून तीन तासांचा होता, ऊन छान पडलं होतं, आणि लांब रस्ता दिसला की डोर्टेच्या तोंडून गोष्ट सुटायचीच. जुनी खोड होती ती.

"सांगतात ना," ती म्हणाली. "फार पूर्वी बुखनरोडेत कीपा नावाची एक बाई होती. देवदारासारखी उंच. गावच्या चर्चची घंटा तडकली, म्हणून खाली शहरात नवी ओतून घेतली. पण वर न्यायची कशी? बैल अर्ध्या रस्त्यात बसले. बारा पुरुष आले, त्यांनी घंटेभोवती फेऱ्या मारल्या, बिअर प्यायली आणि घरी गेले."

"बारा," मास्तर लिहीत म्हणाले. "पुढे?"

"पुढे काय! कीपाने ओढ्याकाठची वाळुंज कापली, रातोरात एक मोठी टोपली विणली, तीत घंटा घातली आणि पाठीवर घेऊन निघाली. आता पाठीवर घंटा म्हटल्यावर प्रत्येक पावलाला ती वाजणारच. वाटेतल्या सगळ्या गावांना वाटलं रविवार उजाडला. लोक चांगले कपडे घालून तिच्या मागे चालू लागले. वर पोचली तेव्हा मागे सात गावं. वार होता गुरुवार. पण एवढी माणसं जमल्यावर पाद्रीबाबा तरी काय करतील? दिलं प्रवचन. तेव्हापासून त्या टोपलीला कीपाचं नाव पडलं."

आपल्या गोष्टीवर डोर्टे खूश झाली. मास्तर हसतील, वही मिटतील, असं तिला वाटलं होतं. पण मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बारा वर्षं," ते म्हणाले, "बारा वर्षं मी पिंपात डोकं घालून बसलो, आणि उत्तर इथे डोंगरावर पायी चालत होतं. खड्ड्यात गेलं ते पिंप! आणि श्लुटरही!"

"अहो मास्तर, बायकांच्या गोष्टी त्या. लोक काहीही सांगतात."

"काहीही सांगणाऱ्याला वार आठवत नाही, त्रीनेबाई. गुरुवार! असला तपशील खोटा नसतो."

डोर्टेने खाली मान घालून सुया भराभर चालवल्या.

मध्यावर विसाव्याचा दगड लागतो. उभ्याउभ्या कीपे टेकवता येईल एवढा उंच, म्हणजे पट्टे काढले की बाई मोकळी. तिथे मास्तरांना नवीच लहर आली. ज्या वस्तूवर आपण बारा वर्षं लिहिलं ती पाठीवर घेऊन पाहायची. डोर्टे नको नको म्हणाली. पण शिकलेल्या माणसाला नको म्हणणं म्हणजे मांजराला दूध दाखवून झाकण्यासारखं. ते दगडाला पाठ लावून पट्ट्यांत शिरले, गुडघे थरथरवत उठले आणि चक्क वीस पावलं चालले.

एकविसाव्या पावलाला समोरून पाद्रीबाबांची पत्नी आली.

आता कीपेवाली बाई कुणालाही तोंडाने नमस्कार करते. पाठीवर ओझं असताना ती राजापुढेसुद्धा वाकणार नाही, कारण वाकली तर राजाच्या पायांवर अंडी. हे बुखनरोडेत पाच वर्षांच्या पोरीला कळतं. मास्तर मात्र सभ्य गृहस्थ. बाई दिसल्या तशी त्यांनी टोपी काढली आणि शहरात वाकतात तसे कमरेत वाकले.

पहिलं लोणी गेलं. मग चाळीस गोल चीज त्यांच्या डोक्यावरून, कानांवरून घरंगळत उताराला लागले. शेवटी अंड्यांची पेटी आली आणि पाद्रीणबाईंच्या पायांशी उघडली. पाद्रीणबाई "देव तुमचं भलं करो" एवढंच म्हणून घागरा सावरत निघून गेल्या.

डोर्टे इतकी हसली की तिला दगडाला धरावं लागलं. पण मास्तर गुडघ्यांवर बसून, झुडपाझुडपांतून एकेक चीज शोधून, कोटाच्या बाहीला पुसून परत आणू लागले, तेव्हा तिचं हसू थांबलं. एकोणचाळीस सापडले. चाळिसाव्यासाठी ते ओढ्यात उतरले.

"ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना मी स्वतः सांगेन," बूट ओले करून वर येत ते म्हणाले. "तुम्हाला बोल लागता कामा नये. कुणाचं आहे?"

"क्नोकेंचं," डोर्टे म्हणाली.

मास्तर मिनिटभर चिखलात उभे राहिले, आणि मग तेही दगडाला धरून हसले. भला माणूस, डोर्टेला वाटलं. विनेचं नशीब चांगलं आहे. आणि लगेच तिच्या मनात आलं, या भल्या माणसाला मी काय सांगून बसले!

शहराच्या वेशीवर मास्तर वेगळ्या वाटेने गेले. मागच्या दारी डोर्टेने रीकेला सगळं सांगितलं. सांगणं भाग होतं, कारण रविवारी वाढायला तीच असणार होती.

"म्हणजे परवा मी तुला सूप वाढायचं?" रीके कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि फ्राऊ श्पोरमान म्हणायचं?"

"म्हण. तुझ्या जिभेला तेवढाच व्यायाम."

"बाई गं! आणि कधी ना कधी कळेलच की!"

"लग्न झाल्यावर कळू दे."

रविवारी डोर्टे पुढच्या दाराने आत गेली. पाद्रीणबाईंकडून उसना आणलेला काळा पोशाख, विनेने बसवलेली जाळीची टोपी. चालणं मात्र अवघड झालं. एकतीस वर्षं पाठीवर वजन असलेल्या माणसाला मोकळं चालताना आपण तोंडावर पडू असंच वाटत राहतं. विने शेजारून हळूच म्हणत होती, "सरळ, आई. सरळ." मास्तरांनी दारात येऊन डोर्टेचा हात हातात घेतला, अगदी तोंडाकडे पाहून हसले, आणि त्यांना काडीचीही ओळख पटली नाही. तीन तास त्यांनी टोपली पाहिली होती. टोपलीखालची बाई त्यांच्या वहीत नव्हती.

जेवायला पाचजण. मास्तर, त्यांची बायको, लुडोल्फ, विने आणि डोर्टे. क्नोकेबाई बारीक अंगाच्या, बारीक नजरेच्या. काट्यांमधली अंतरंसुद्धा डोळ्यांनी मोजणाऱ्या. सूप आलं. रीकेने "फ्राऊ श्पोरमान" इतक्या आदराने म्हटलं की लुडोल्फने वळून पाहिलं.

"वर तुमचा व्यापार असतो म्हणे," क्नोकेबाई म्हणाल्या. "कसला?"

डोर्टेने विनेकडे पाहिलं. सभ्य लोकांनी विचारलं होतं.

"खाण्यापिण्याच्या जिनसांचा," विने घाईने म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"अस्सं," क्नोकेबाई म्हणाल्या.

भाजलेलं मांस संपून लाल कोबीचं भांडं दुसऱ्यांदा फिरलं, तेव्हा मास्तरांना राहवेना. त्यांनी खिशातून कागद काढले. बायकोने डोळे मिटून घेतले.

"बुधवारी मंडळात वाचायचंय," मास्तर म्हणाले. "आजच्या दिवशी सुरुवात घरातच व्हावी. बारा वर्षांचं कोडं परवा शुक्रवारी सुटलं. पुढच्या महिन्यात छापून येईल."

आणि त्यांनी वाचलं. बैल बसले ते, बारा पुरुष, ओढ्याकाठची वाळुंज. कीपा पाठीवर घंटा घेऊन निघाली आणि गावं मागे चालू लागली तेव्हा मास्तरांचा आवाज भरून आला. लुडोल्फ कौतुकाने ऐकत होता. डोर्टेच्या घशात बटाटा अडकला होता. पलीकडे विनेचा काटा हवेत थांबला होता. ती आईकडे एकटक पाहत होती, आणि डोर्टेला तिच्याकडे पाहण्याची छाती होत नव्हती.

"श्लुटरला पुरावा हवा असतो," कागद ठेवून मास्तर म्हणाले. "तळटीपेत बाईचं नाव दिलंय. त्रीने, बुखनरोडेची कीपेवाली. जाऊ दे त्याला वर आणि विचारू दे!"

आणि श्लुटर जाणार. बुखनरोडेत त्रीने नावाची एक गायसुद्धा नाही, हे त्याला एका दुपारात कळणार. मग हे मास्तर जन्मभर गावचं हसं होणार. शाळेतली कार्टी त्यांच्या पाठीमागे घंटा वाजवत फिरणार. डोर्टेला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं.

"मास्तर," ती जपून म्हणाली, "वाटेवरची बाई. वेळ जावा म्हणून काहीतरी बोलली असेल. बायका बोलतात."

टेबलाखाली विनेचा पाय तिच्या पायावर आला.

"फ्राऊ श्पोरमान," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली, "तुम्ही तिला पाहिलं नाहीत. मी तिचे चीज मातीत सांडले आणि तिने मला एका शब्दानेही दुखावलं नाही. ती बाई खोटं बोलणारी नव्हे. मी तिच्यासाठी मंडळासमोर शपथ घ्यायला तयार आहे."

हे फारच झालं. शिवी दिली असती तरी डोर्टेला इतकं लागलं नसतं. आत्ता तोंड उघडावं तर लेकीचं घर जातं, मिटावं तर या माणसाची अब्रू जाते. तिने एकदा लेकीच्या लाल कानांकडे पाहिलं. मग आई जे करते तेच तिने केलं. बटाटा गिळला आणि गप्प बसली. मास्तर शिकलेले आहेत, सावरतील कसेबसे, असं स्वतःला सांगितलं. ते तिला अजिबात पटलं नाही.

विनेचा पाय तिच्या पायावरून निघाला.

"घंटा नव्हती ती," विने म्हणाली.

"काय?" मास्तर म्हणाले.

"कीपेत घंटा नव्हती. वासरू होतं. बर्फात हरवलेलं वासरू कीपाबाई पाठीवर घालून निघते. प्रत्येक पावलाला ते हंबरतं, आणि वाटेतल्या सगळ्या गावांच्या गायी दावी तोडून तिच्या मागे चालू लागतात. मला सांगताना बहुतेकदा वासरूच असायचं. घंटा आत्ताच ऐकतेय."

मास्तर अर्धवट उठले. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे! दोन पाठभेद! आल्विने, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"आईने. चालता चालता." विनेने रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला. "मी सामानाच्या वर बसायचे, कीपेत, मागे तोंड करून. आई चालत असायची आणि गोष्ट रचत असायची. दर वेळी थोडी नवी. गोष्टी तिच्याच असायच्या, आजीच्या नव्हेत. त्रीने नावाचं कुणी नाही, मास्तर. शुक्रवारी तुम्हाला माझी आई भेटली. ती मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या मागच्या दाराशी लोणी आणते, सहा वर्षं आणते, आणि आज तिने गप्प बसावं म्हणून मी तिला वचनात बांधून आणलंय."

विनेला लाज वाटत नव्हती असं नाही. चेहराभर वाटत होती. लाज वाटत असूनही ती बोलली होती, आणि हे पाहून डोर्टेला आपल्या लेकीचा असा अभिमान वाटला की तिला ती टोपीची जाळी डोळ्यांवरून दूर करावी लागली.

मास्तर टेबलाला वळसा घालून आले. त्यांनी वाकून डोर्टेचा चेहरा पाहिला, प्रथमच, आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"सगळंच खोटं?" त्यांनी विचारलं. "गुरुवारसुद्धा?"

"गुरुवारसुद्धा, मास्तर. जिभेला हाड नाही माझ्या. मला माफ करा. शब्द कुठून आला ते मला खरंच ठाऊक नाही. मी तो नुसता वाहिला."

मास्तरांनी कागद उचलले, मधोमध फाडले आणि कोबीच्या रिकाम्या भांड्यात ठेवले. "बुधवारी पिंपच वाचतो," ते म्हणाले. "श्लुटरला बरं वाटेल. त्याची उत्तरं तयार असतात."

आता सगळे क्नोकेबाईंकडे पाहू लागले. त्या डोर्टेकडे पाहत होत्या, त्याच मोजणाऱ्या नजरेने.

"मागच्या दाराने तुम्ही येता," त्या सावकाश म्हणाल्या.

"हो."

"मग मागच्या महिन्यात लोणी खवट का निघालं?"

"तुमची रीके ते चुलीच्या कडेला ठेवते म्हणून," डोर्टे म्हणाली. "दहा वेळा सांगितलं तिला. माझ्या हातचं लोणी खवट होत नसतं."

दारामागे काहीतरी खळकन पडलं.

"मीही तिला तेच सांगते," क्नोकेबाई म्हणाल्या. "ऐकेल तर शपथ." आणि त्यांनी बटाट्यांचं भांडं उचलून आपल्या हाताने डोर्टेच्या पुढे धरलं. त्यांना ते सोपं गेलं नाही हे दिसत होतं. पण भांडं हातात तसंच धरलेलं होतं, तेव्हा डोर्टेने दोन बटाटे घेतले.

इतका वेळ लुडोल्फ काहीच बोलला नव्हता. कोर्टातला माणूस, सगळं ऐकून झाल्याशिवाय तोंड न उघडणारा. त्याने विनेचा हात हातात घेतला आणि विचारलं, "त्या वासराचं पुढे काय झालं?"

"मला ठाऊक नाही," विने म्हणाली. "सगळ्या गायी मागे चालू लागल्या की मला झोप लागायची. जाग यायची ती शहराच्या वेशीवर. आईला विचार."

सगळ्यांनी डोर्टेकडे पाहिलं. मास्तरांचा हात सवयीने वहीकडे गेला आणि मागे आला.

डोर्टेने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिलाही ठाऊक नाही. वासरू, बकरी, एकदा तर राजाची आजारी राणी. विनेला सांगताना शेकडो वेळा कीपाबाई चढ चढली होती आणि एकदाही वर पोचली नव्हती.

"पुढचं मी कधी रचलंच नाही गं," ती लेकीला म्हणाली. "पाठीवर तू जड झालीस की मला कळायचं, झोपलीस. मग मी बोलायची थांबायचे आणि नुसती चालायचे. पुढचं कुणाला सांगणार?"

विने उठली. लुडोल्फच्या शेजारची आपली खुर्ची तिने उचलून आईला लागून ठेवली आणि बसली.

"सांग," ती म्हणाली. "आता मी जागी आहे."